छत्तिसाव्या वर्षी मोतीबिंदू? आधी कंबरेचं बोलू

पत्र :

डॉक्टर मॅडम, नमस्कार. आम्ही औसा तालुक्यात तेरणेकाठी राहतो. माझ्या मालकांचं वय ३६ आहे. चार-पाच वर्षांपासून त्यांचा उजवा डोळा मधूनच लालभडक होतो, ठणकतो, उजेडाकडं बघवत नाही. मेडिकलमधून ड्रॉप आणला की चार दिवसांत निवळतो. २०२५ च्या सप्टेंबरात पूर आला तेव्हा आखाड्यावरची जनावरं सोडवायला ते कंबरभर पाण्यात शिरले होते. नंतर सणकून ताप आला, पिंढऱ्या दुखायच्या. सरकारी दवाखान्यात सलाईन लावलं, बरे झाले. हिवाळ्यात डोळा पुन्हा लाल झाला आणि त्या खेपेला महिनाभर निवळलाच नाही. आता त्या डोळ्यानं धुरकट दिसतं. तालुक्याला दाखवलं तर मोतीबिंदू निघाला. एवढ्या लहान वयात कसा, म्हणून सगळे चक्रावलेत. पुढच्या महिन्यात जवळच शिबिर आहे, सासरे म्हणतात तिथंच ऑपरेशन उरकून घ्या. माझा भाऊ लातूरला बी.एस्सी. करतो. त्यानं वाचलंय की आतड्यातल्या नाहीतर रक्तातल्या जंतूंमुळं शरीर स्वतःवरच उलटतं आणि त्यातून मोतीबिंदू होतो. तो म्हणतो, मेडिकलचा ड्रॉप अँटिबायोटिकचाच आहे आणि त्यानंच डोळा निवळतो, म्हणजे जंतूच असणार. तर आधी अँटिबायोटिकचा जोरदार कोर्स घ्या आणि भाकरी-भात बंद करा. हे खरं आहे का? आमच्या सात वर्षांच्या मुलीलाही हे होईल का? बाकी मालकांची तब्येत चांगली आहे. कंबर तेवढी बारा वर्षांपासून धरते. सकाळी तासभर ताठ असते, वावरात गेलं की मोकळी होते. मणक्यात गॅप आहे म्हणून सांगितलंय.

— एक वाचक भगिनी, औसा तालुका

उत्तर :

ताई, कंबरेचं तुम्ही अगदी शेवटी, जाता जाता लिहिलंत. मी मात्र तिथूनच सुरुवात करते, कारण तुमच्या बाकीच्या प्रश्नांचं उत्तर बहुधा त्या दोन-तीन वाक्यांतच आहे.

मणक्यात गॅप असली किंवा पोती उचलून कंबर धरली असली, तर ती कामानं वाढते आणि पडून राहिलं की बरी वाटते. तुमच्या यजमानांचं नेमकं उलटं आहे. रात्रभर आराम झाला की कंबर ताठ, आणि वावरात चार फेऱ्या झाल्या की मोकळी. शिवाय हे सुरू झालं चोविशीत. पंचेचाळिशीच्या आत सुरू झालेली, तीन महिन्यांहून जास्त टिकलेली, आरामानं आखडणारी आणि हालचालीनं सुटणारी कंबर असली की डॉक्टरांच्या मनात अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस हे नाव यायलाच हवं. हा संधिवाताचा प्रकार आहे. यात शरीराची प्रतिकारशक्ती मणक्याच्या आणि माकडहाडाजवळच्या सांध्यांवर उलटते. अशा रुग्णांपैकी साधारण पाव ते एक तृतीयांश लोकांना कधी ना कधी डोळ्याच्या आत सूज येते. ती येण्याची तऱ्हाही ठरलेली असते : अचानक, बहुतेक वेळा एकाच डोळ्यात, लाल, ठणकणारी, उजेड न सोसणारी, काही आठवड्यांनी जाणारी आणि पुन्हा येणारी. तुम्ही जे लिहिलंय ते याच्याशी फार जुळतं. पत्रावरून निदान करता येत नाही आणि मी ते करतही नाही. पण बारा वर्षं ‘गॅप’ म्हणून सोडून दिलेली ही कंबर आता नीट तपासली गेलीच पाहिजे, इतकं मी ठामपणे सांगते.

म्हणून पहिली गोष्ट. पुढच्या महिन्यातल्या शिबिरात यजमानांचं ऑपरेशन करून घेऊ नका. शिबिरांबद्दल माझ्या मनात अढी नाही. मराठवाड्यातल्या किती म्हाताऱ्याकोताऱ्यांना शिबिरांनी दृष्टी परत दिली हे मी डोळ्यांनी बघितलंय, आणि सासऱ्यांना धुरकट दिसत असेल तर त्यांनी तिथं डोळे जरूर तपासून घ्यावेत. पण वयानं येणारा मोतीबिंदू वेगळा आणि वारंवार सुजलेल्या डोळ्यातला मोतीबिंदू वेगळा. आत सूज शिल्लक असताना डोळा उघडला तर ती उसळते. नव्या भिंगावर साका धरतो, डोळ्याच्या मागच्या पडद्याच्या मध्यभागी पाणी साचतं, डोळ्याचा दाब वर-खाली होतो. ऑपरेशन उत्तम होऊनही दिसत नाही, आणि मग दोष डॉक्टरांच्या हाताला दिला जातो. आमच्यात नियम असा आहे की डोळा किमान तीन महिने पूर्ण शांत राहिला पाहिजे, मगच हात लावायचा. शांत म्हणजे नुसता बाहेरून पांढरा दिसणारा नव्हे. आतल्या पाण्यात सुजेच्या पेशी नाहीत, हे यंत्राखाली बघून ठरवावं लागतं.

सुजेनं मोतीबिंदू कसा होतो, ते सांगते. डोळ्यातल्या भिंगाला रक्तवाहिनी नसते. बाहुलीच्या मागं एका पातळ पिशवीत ते बसलेलं असतं आणि भोवतीच्या पाण्यावर जगतं. त्यातली क्रिस्टॅलिन नावाची प्रथिनं इतकी शिस्तीत रचलेली असतात की प्रकाश आरपार जातो. गाभ्यातली प्रथिनं आपण आईच्या पोटात असताना बनलेली असतात आणि जन्मभर तीच पुरवायची असतात, बदलून नवी येत नाहीत. आता बाहुलीभोवतीचा रंगीत पडदा सुजला, ज्याला आम्ही युव्हायटिस म्हणतो, की त्या स्वच्छ पाण्यात पांढऱ्या पेशी आणि सुजेची रसायनं उतरतात. भिंग ज्या पाण्यावर जगतं तेच गढूळ होतं. त्या रंगीत पडद्याची कड भिंगाला चिकटते. तपासताना बाहुली मोठी करायचा थेंब घातला की निरोगी बाहुली गोल उघडते, पण अशा डोळ्यातली बाहुली चिकटलेल्या जागी अडते, बाकीच्या जागी फाकते, आणि तिची कड वेडीवाकडी दिसते. ती एकदा पाहिली की या डोळ्यात पूर्वी सूज येऊन गेली हे रुग्णानं न सांगताही कळतं. मग भिंगाच्या मागच्या बाजूला, पिशवीला लागून, पांढरट थर धरायला लागतो. तो बरोबर मधोमध असतो, त्यामुळं भर उन्हात आणि समोरून येणाऱ्या गाडीच्या उजेडात जास्त त्रास होतो, सावलीत जरा बरं दिसतं. यजमानांना विचारून बघा, त्यांचं असंच होतं का.

आता मेडिकलच्या ड्रॉपकडे वळते, कारण भावाचा सगळा तर्क त्याच्यावर उभा आहे. बाटली घरात असेल तर हातात घ्या आणि उजेडात जाऊन त्यावरची बारीक अक्षरं वाचा. मॉक्सिफ्लॉक्सासिन, सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा गॅटिफ्लॉक्सासिन असं एक नाव असेल. त्याच्या जोडीला डेक्सामेथासोन, प्रेडनिसोलोन किंवा लोटेप्रेडनॉल असं दुसरं नाव आहे का बघा. लाल डोळ्यासाठी काउंटरवरून जे ड्रॉप दिले जातात त्यांत असे जोडऔषधाचे पुष्कळ असतात. पहिलं नाव अँटिबायोटिकचं, दुसरं स्टिरॉइडचं. दुसरं नाव असेल तर डोळा निवळला तो दुसऱ्या औषधानं. सूज दबली, जंतू मेले म्हणून नव्हे. आणि ते नाव नसेल, तर सुरुवातीच्या सौम्य खेपा आपोआपही ओसरलेल्या असू शकतात. कसंही असलं तरी ‘ड्रॉपनं गुण आला म्हणजे जंतूच होता’ हा निष्कर्ष निघत नाही.

अशा ड्रॉपचं नुकसान दुहेरी आहे. चार दिवसांत लाली गेली की ड्रॉप बंद, पण आतली सूज तेवढ्यात संपत नाही. युव्हायटिसच्या उपचारात आम्ही सुरुवातीला तासातासाला थेंब देतो आणि मग कित्येक आठवडे घेऊन हळूहळू कमी करत आणतो. मधेच सोडलं तर डोळा बाहेरून पांढरा दिसतो आणि आत धुमसत राहतो. दुसरीकडं, देखरेखीशिवाय वर्षानुवर्षं स्टिरॉइड पोटात गेलं किंवा डोळ्यात पडलं, तर त्यानंही भिंगाच्या त्याच मागच्या जागी मोतीबिंदू धरतो आणि डोळ्याचा दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो. मोतीबिंदूनं गेलेली नजर ऑपरेशननं येते. काचबिंदूनं गेलेली येत नाही. म्हणून यजमानांच्या दोन्ही डोळ्यांचा दाब मोजून घ्या. कंबरेसाठी कुणाकडून सुट्ट्या गोळ्या, पुडीतली पावडर किंवा ‘ताकदीची’ इंजेक्शनं घेतली असतील तर तेही लपवू नका. सांधेदुखीवर झटपट उतार देणाऱ्या बिननावाच्या पुडीत स्टिरॉइड मिसळलेलं सापडतं. दुखणं दोन दिवसांत पळालं की गावभर त्या पुडीचं नाव होतं, आणि किंमत डोळे मोजतात.

एवढं सांगूनही, भावाला गप्प करू नका. त्यानं वाचलेलं हवेतलं नाही. जंतूमुळं शरीर स्वतःवर उलटू शकतं हे वैद्यकात पक्कं ठरलेलं आहे. राखणीचं कुत्रं चोराचं घोंगडं ओळखतं आणि मग तसंच घोंगडं पांघरून आलेल्या घरधन्याच्याही अंगावर जातं, तसं हे आहे. जंतूच्या प्रथिनाचा एखादा तुकडा आपल्या शरीरातल्या प्रथिनासारखा दिसतो आणि प्रतिकारशक्ती दोघांवर तुटून पडते. संधिज्वर हे याचं सगळ्यात जुनं, पक्कं उदाहरण. घशात स्ट्रेप्टोकोकस येऊन जातो, काही आठवड्यांनी सांधे सुजतात आणि हृदयाच्या झडपा खराब होतात. दर २१ दिवसांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन घ्यायला येणारी पोरं आपल्या सरकारी दवाखान्यांत आजही दिसतात. अलीकडचं उदाहरण म्हणजे जीबीएस, म्हणजे गिलियन-बारे सिंड्रोम हा नसांचा आजार. २०२५ च्या सुरुवातीला पुण्यात सिंहगड रस्त्याच्या भागात त्याची साथ आली (तिथलं नांदेड हे पुण्याजवळचं गाव, आपलं नांदेड नव्हे). रुग्णांच्या तपासणीत कॅम्पायलोबॅक्टर हा जुलाबाचा जंतू सापडला. जुलाब थांबल्यावर काहींच्या हातापायातली शक्ती जाते, कारण जंतूशी लढायला बनलेली प्रतिपिंडं (अँटिबॉडी) नसांना जाऊन चिकटतात.

मणका आणि डोळा यांच्या या आजारातही जंतूंचा हात असावा असं मानायला चांगली कारणं आहेत. एचएलए-बी २७ नावाचा एक आनुवंशिक प्रकार या रुग्णांत फार मोठ्या प्रमाणात असतो. हा संबंध १९७३ साली उघड झाला. या बी २७ चं काम म्हणजे प्रथिनांचे तुकडे उचलून प्रतिकारपेशींना दाखवणं. १९९४ साली एक प्रयोग प्रसिद्ध झाला. माणसाचा बी २७ बसवलेले उंदीर एरवी आतड्याच्या आणि सांध्यांच्या सुजेनं आजारी पडायचे. पण तेच उंदीर संपूर्ण निर्जंतुक वातावरणात वाढवले तर त्यांना हा आजार झाला नाही. म्हणजे नुसत्या बी २७ नं भागत नाही, जंतूंची साथ लागते. पुढं २०२२ च्या अखेरीस आणखी एक दुवा मिळाला. रुग्णांच्या सांध्यातल्या आणि सुजलेल्या डोळ्यातल्या प्रतिकारपेशी तपासल्या, तर दोन्हीकडं एकसारख्या पेशी सापडल्या, आणि त्या जंतूंचे तुकडेही ओळखत होत्या, शरीराचे स्वतःचेही. मला हे संशोधन फार मोलाचं वाटतं. कंबर आणि डोळा हा एकच आजार आहे हे इतक्या उघड रीतीनं क्वचितच दिसलं असेल.

पण इथून ‘अमुक एक जंतू मारा म्हणजे आजार जाईल’ इथवर उडी मारता येत नाही. लंडनच्या ॲलन एब्रिंगर यांनी आतड्यातल्या क्लेब्सिएला या जंतूवर बोट ठेवलं होतं. हा जंतू पिष्टावर, म्हणजे भाकरी-भातातल्या स्टार्चवर पोसतो, म्हणून पिष्ट कमी करा असा आहारही त्यांनी सुचवला. तुमच्या भावानं भाकरी-भात बंद करायचं जे वाचलंय ते तिथून आलेलं आहे. क्लेब्सिएलाची ही मांडणी पुढच्या अभ्यासांत पक्की ठरली नाही, आणि त्या आहारानं आजार थांबतो असा भक्कम पुरावाही नाही. दिवसभर वावरात राबणाऱ्या माणसाची ज्वारीची भाकरी काढून घेतली तर त्याची ताकद जाईल, आजार जाणार नाही. भाकरी चालू ठेवा. सोबत डाळ, पालेभाजी, ताक, सगळं चालू द्या. बंद करायचीच असेल तर बिडी बंद करा, ओढत असतील तर. धूम्रपानानं हा संधिवातही बळावतो आणि मोतीबिंदूही लवकर येतो.

अँटिबायोटिकच्या कोर्सचंही तेच. बी २७ शी जोडलेल्या या सुजेत जंतू डोळ्यात बसलेला नसतो, त्यामुळं मारायला समोर कोणी नाही. उलट आतड्यातले चांगले-वाईट सगळे जंतू ढवळून निघतात आणि पुढं खरी गरज पडली की औषध लागू होत नाही. मनानं कोर्स घेऊ नका.

याला एक अपवाद तुमच्याच पत्रात आहे, आणि तो मला हलका वाटत नाही. पुराचं पाणी, मग सणकून ताप, पिंढऱ्या दुखणं. हे वर्णन लेप्टोस्पायरोसिसचं असू शकतं. उंदीर, गुरं, कुत्री, डुकरं यांच्या लघवीतून हा जंतू पाण्यात आणि चिखलात येतो आणि पायावरच्या जखमेतून, भेगांतून शरीरात शिरतो. ताप ओसरल्यावर काही आठवड्यांनी, कधी कित्येक महिन्यांनी, डोळ्याच्या आत सूज येते. १९९३ च्या शेवटी तमिळनाडूत मदुराईकडं मोठे पूर आले, आणि पुढच्या काही महिन्यांत तिथल्या अरविंद नेत्र रुग्णालयात अशा सुजलेल्या डोळ्यांचे रुग्ण एकदम वाढले. तपास केल्यावर मूळ लेप्टोस्पायरा निघालं. या सुजेत मोतीबिंदू भराभर वाढताना दिसतो.

भावाच्या प्रश्नाला सगळ्यात जवळ जाणारा पुरावाही याच जंतूनं दिलाय, आणि तो घोड्यांच्या डोळ्यांतून मिळाला. घोड्यांना पुन्हा पुन्हा डोळा सुजण्याचा एक आजार होतो, त्यात मोतीबिंदू होऊन डोळे जातात. लेप्टोस्पायराच्या काही प्रथिनांविरुद्ध बनलेली प्रतिपिंडं घोड्याच्या भिंगातल्या क्रिस्टॅलिनलाही चिकटतात, असं त्यात आढळलं. जंतू, स्वतःवर उलटलेली प्रतिकारशक्ती आणि मोतीबिंदू हे तिन्ही एका ओळीत इथं दिसतात. माणसात ही ओळ इतकी स्वच्छ दाखवता आलेली नाही.

तुमच्या यजमानांच्या बाबतीत मात्र एक गोष्ट विसरू नका. डोळा लाल व्हायला लागला तो पुराच्या कितीतरी आधी. म्हणजे पुरानं सुरुवात केलेली नाही. मूळ आजार कंबरेचा असून हिवाळ्यातली ती महिनाभराची खेप लेप्टोची असू शकते, किंवा तीही जुन्याच आजाराची मोठी लाट असू शकते. पत्रातून मला ते सांगता येणार नाही, रक्त तपासून डॉक्टरांना सांगता येईल. लेप्टो निघालं तर अँटिबायोटिक द्यायचं की नाही, कोणतं, किती दिवस, हे त्यांना ठरवू द्या. आणि यापुढं पुराच्या पाण्यात उतरायची वेळ आली तर गमबूट घाला, पायाची जखम झाका, ताप आला तर पहिल्याच दिवशी दवाखान्यात ‘पुराच्या पाण्यात होतो’ हे शब्द उच्चारा. तापाच्या सुरुवातीला अँटिबायोटिक खरोखर उपयोगी पडतं.

भावाला आणखी एका गोष्टीत रस वाटेल. भिंगाच्या प्रथिनांवर प्रतिकारशक्ती उलटू शकते हे फार जुनं ज्ञान आहे. पाउल उलेनहुथ या जर्मन शास्त्रज्ञानं १९०३ सालीच दाखवलं होतं की एका प्राण्याच्या भिंगाविरुद्ध बनवलेली प्रतिपिंडं दुसऱ्या जातीच्या प्राण्यांचं भिंगही ओळखतात. काटा किंवा धसकट लागून भिंगाची पिशवी फाटली की आतलं प्रथिन बाहेर येतं आणि डोळा त्यावरच भयंकर सुजतो. तूर, कपाशी काढताना डोळ्याला मार लागला तर त्याच दिवशी दाखवा, असं आम्ही जीव तोडून सांगतो त्यात हेही एक कारण आहे. पण म्हातारपणी येणारा साधा मोतीबिंदू जंतूंनी किंवा प्रतिकारशक्तीनं होतो असं कुणी म्हणालं, तर त्याला आधार नाही. तो वयानं, मधुमेहानं, उन्हानं, धुरानं येतो. १९८४ साली रायपूरकडच्या एका अभ्यासानं हगवणीनं किंवा उष्माघातानं अंगातलं पाणी आटलेल्या लोकांत मोतीबिंदू जास्त असतो असं म्हटलं होतं. पुढच्या अभ्यासांत ते एकमतानं टिकलं नाही.

आता करायचं काय. लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात नेत्रविभाग आहे. अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालय किंवा संभाजीनगरचं घाटी हे सरकारी रुग्णालय सोयीचं असेल तर तिथं चला. जाण्याआधी घरी बसून एका कागदावर लिहा : डोळा कोणत्या साली, कोणत्या महिन्यात लाल झाला, कोणता ड्रॉप किती दिवस घातला, कंबर कधीपासून धरते, पुराचा ताप कधी आला, गुडघा किंवा टाच सुजली होती का, घरात कुणाला क्षयरोग झाला होता का. रिकाम्या बाटल्या पिशवीत टाका. हे काम भावाला द्या, त्याला आवडेल. डोळ्याच्या डॉक्टरांना पहिलं वाक्य ‘मोतीबिंदू आहे’ असं न सांगता ‘डोळा पुन्हा पुन्हा लाल होतो आणि सकाळी कंबर आखडते’ असं सांगा.

ते बाहुली मोठी करून दोन्ही डोळे आतून बघतील, दाब मोजतील, मागचा पडदा तपासतील. मोतीबिंदूमुळं पडदा दिसत नसेल तर डोळ्याची सोनोग्राफी करतील. रक्तात बी २७, सुजेच्या तपासण्या, साखर, लेप्टो, सिफिलिस. छातीचा एक्स-रे आणि क्षयाची तपासणी, कारण आपल्याकडं क्षयाचा जंतूही डोळ्यात अशीच सूज आणतो आणि तिथं उपचाराची दिशाच बदलते. सिफिलिसचं नाव ऐकून यजमान बिथरतील, तेव्हा आधीच सांगून ठेवा की ही तपासणी अशा प्रत्येक रुग्णाची होते. माकडहाडाजवळच्या सांध्यांचा एक्स-रे, आणि त्यात काही नाही दिसलं तरी शंका असेल तर एमआरआय. बी २७ निघालं म्हणजे आजार आहेच असं नाही, आणि नाही निघालं म्हणजे नाहीच असंही नाही. कंबरेच्या कहाणीशी जोडूनच त्याचा अर्थ लावतात, आणि ते काम संधिवाततज्ज्ञांचं.

उपचारात स्टिरॉइडचं नाव निघालं की घाबरू नका. मी वर जे सांगितलं ते बिनदेखरेखीच्या स्टिरॉइडबद्दल होतं. डॉक्टर मोजून देतात ते औषध डोळा वाचवतं. त्याच्या जोडीला बाहुली पसरवणारा थेंब देतात. त्यानं जवळचं वाचता येत नाही, उजेड जास्त टोचतो, आणि म्हणून लोक तो सोडून देतात. सोडू नका, कारण तोच भिंगाला चिकटू पाहणारा पडदा सुटा ठेवतो. डोळा वारंवार सुजत राहिला तर सल्फासॅलझिनसारख्या गोळ्या किंवा अडालिमुमॅबची इंजेक्शनं देतात. या इंजेक्शनाआधी क्षयाची तपासणी झालीच पाहिजे, दबलेला क्षय त्यानं उफाळू शकतो. कंबरेसाठी रोजचा ठरलेला व्यायाम लागेल. वावरातलं काम हा त्याला पर्याय नाही, कारण त्यात माणूस पुढं वाकतो आणि या आजारात पाठ मागं ताणायची असते.

आणि मग ऑपरेशन. डोळा तीन महिने शांत राहिला की आधी आणि नंतर स्टिरॉइडचं कवच देऊन ते करता येतं, आणि बऱ्याच जणांना चांगलं दिसतं. उशीर होतोय म्हणून जीव टांगणीला लावू नका. पण ‘पिकू द्या’ म्हणून वर्षानुवर्षं ठेवूही नका. फार पिकलेल्या भिंगातून प्रथिन झिरपतं, दाब चढतो, आणि त्या दुखण्यानं माणूस रात्री-बेरात्री दवाखाना गाठतो.

दरम्यान डोळा पुन्हा लाल झाला तर उरलेला ड्रॉप घालू नका. गुलाबपाणी, मध, कुणाचं दूध, काही नको. डोळे आल्यावर चिकटा येतो, खाज येते, एकातून दुसऱ्यात जातं. चिकटा नाही, पण ठणका आहे, उजेड सोसवत नाही आणि दिसायला कमी आलंय, तर त्याच दिवशी डोळ्याच्या डॉक्टरकडं जायचं. मग पेरणी असो की काढणी.

तुमच्या लेकीबद्दल. यजमानांच्या डोळ्यातली ही सूज तिला शिवून किंवा बघून लागत नाही. त्यांच्यात बी २७ निघालं तरी ते तिच्यात उतरायची शक्यता निम्मी असते, आणि बी २७ असलेल्या बहुतेकांना जन्मभर काही होत नाही. त्यामुळं तिची रक्ततपासणी आत्ता करू नका. नुसत्या एका कागदावरच्या शब्दानं सात वर्षांच्या पोरीमागं काळजी लावण्यात अर्थ नाही. एक मात्र ध्यानात ठेवा. तिचा गुडघा किंवा घोटा मार न लागता सुजला, ती सकाळी लंगडत उठली आणि हे सहा आठवडे टिकलं, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा आणि त्याच आठवड्यात डोळेही तपासा. लहान मुलांच्या संधिवातात डोळा आतून सुजतो तेव्हा बहुतेक वेळा तो लाल होत नाही, दुखत नाही, मूल तक्रार करत नाही. यंत्राखाली बघितल्याशिवाय ते कळत नाही, म्हणून अशा मुलांचे डोळे डॉक्टर दर तीन महिन्यांनी बघतात.